चाकं लागलेल्या विटा

१९३०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात यो-योचं वेड पसरलं आणि पाहता पाहता ओसरलंही. डेन्मार्कमधल्या जटलंड द्वीपकल्पावर बिलुंड हे तेव्हा छोटं खेडं होतं. तिथल्या ओले किर्क क्रिस्टियानसेन या सुताराने त्या वेडाच्या भरात भरपूर यो-यो करून ठेवले होते. मागणी थांबली आणि माल अंगावर पडला. दुसऱ्या कोणी तो शेगडीत घातला असता. क्रिस्टियानसेनने यो-यो मधोमध कापले आणि निघालेल्या चकत्या लाकडी ट्रकना चाकं म्हणून बसवल्या. आज प्लास्टिकच्या विटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या लेगो कंपनीच्या ट्रकची कुळकथा अशी न खपलेल्या मालापाशी सुरू होते.

लेगो म्हटलं की घर, किल्ला नाहीतर अवकाशयान डोळ्यांपुढे येतं. ट्रक बिचारा कडेला उभा असतो. पण याच एका खेळण्याचा माग काढला तर कंपनीच्या इतिहासातला एक जुना पेच दिसायला लागतो. मुलाच्या हातात तयार ट्रक द्यायचा की ट्रकचे सुटे भाग? ‘सुटे भाग’ हे उत्तर आज उघड वाटतं. बिलुंडमध्ये ते सापडायला तीस वर्षं लागली, आणि सापडल्यावरही कंपनीला त्याची पुरती खात्री नव्हती.

क्रिस्टियानसेनचा जन्म १८९१चा. १९१६ मध्ये त्याने बिलुंडमधला सुतारकामाचा कारखाना विकत घेतला. घरं बांधणं, दारं-खिडक्या, शेतकऱ्यांना लागणारं लाकूडसामान हा त्याचा धंदा. १९२४ मध्ये दोन लहान मुलांनी खेळता खेळता रंध्याच्या ढलप्यांना आग लावली. कारखाना आणि घर दोन्ही गेलं. ते पुन्हा उभं राहिलं तोवर जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव पडले आणि शेतकऱ्याने घर बांधणं थांबवलं. १९३२ मध्ये बायको वारली, पदरात चार मुलगे. त्या वर्षी त्याने छोट्या वस्तू करायला घेतल्या: शिड्या, इस्त्रीचे फळे आणि लाकडी खेळणी. नातेवाइकांना खेळण्यांचा धंदा पोरकट वाटला. लेगो हे नाव आलं ते दोन वर्षांनी, १९३४ मध्ये.

लाकूड बीचचं. ते नीट वाळवायचं, कापायचं, घासायचं आणि त्यावर रोगणाचे तीन हात द्यायचे. एकदा गोटफ्रेड या मुलाने लाकडी बदकांच्या मालावर तीनऐवजी दोनच हात मारून पैसे वाचवले आणि ते कौतुकाने बापाला सांगितलं. बापाने पाठवलेला माल परत आणायला लावला आणि तिसरा हात त्याच रात्री त्याच्याकडून पुरा करून घेतला. कंपनी ही गोष्ट आजही अभिमानाने सांगते. जाहिरातीच्या कामी येणाऱ्या अशा गोष्टी जरा जपूनच ऐकाव्यात. पण गोटफ्रेडने पुढे आयुष्यभर वस्तूच्या नेमकेपणाचा जो ध्यास घेतला, त्याकडे पाहता ती खोटी वाटत नाही.

या काळातले ट्रक म्हणजे सुतारकामच होतं. केबिन, हौदा आणि चार चाकं एकत्र ठोकलेली आणि रंगवलेली. मुलाने दोरी बांधून ओढायचं किंवा हाताने ढकलायचं.

दुसरं महायुद्ध संपलं आणि क्रिस्टियानसेनने १९४६ मध्ये एक धाडस केलं. विंडसर या ब्रिटिश कंपनीचं प्लास्टिक साच्यात ओतणारं यंत्र त्याने घेतलं. किंमत सुमारे तीस हजार क्रोनर, म्हणजे त्या आकाराच्या कारखान्याला धडकी भरवणारी. कच्च्या मालाची टंचाई आणि निर्बंध यांमुळे विटा बाजारात यायला १९४९ उजाडलं. त्या विटांची मूळ कल्पना बिलुंडची नव्हती. हिलरी फिशर पेज या ब्रिटिश खेळणीकाराने ‘किडिक्राफ्ट’ या नावाने एकमेकांवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा आधीच काढल्या होत्या, आणि त्यांचे नमुने क्रिस्टियानसेन पितापुत्रांच्या हाती आले होते. मापात किरकोळ बदल करून लेगोने आपल्या विटा काढल्या. पेज १९५७ मध्ये गेला. डेन्मार्कमध्ये त्याच्या विटेचं काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता, असंच मानलं जातं. लेगोने किडिक्राफ्टच्या पुढच्या मालकांकडून हक्क मिटवून घेतले ते १९८१ मध्ये, ४५ हजार पौंडांना. लेगोच्या गौरवकथा वाचताना पेजचं नाव पानाच्या तळाशी शोधावं लागतं, हे बरं नाही.

विटा आल्या, पण कंपनीला त्या वेळी नाव मिळालं ते एका ट्रॅक्टरने. १९५०च्या दशकाच्या आरंभी डेन्मार्कच्या शेतांत घोड्यांची जागा करड्या रंगाचे फर्ग्युसन ट्रॅक्टर घेत होते. लेगोने त्याचीच हुबेहूब प्लास्टिकची प्रतिकृती काढली. साचे फार महाग पडले, पण खेळणं धडाक्यात खपलं. महाराष्ट्रातल्या बागायतदाराला फर्ग्युसनची वेगळी ओळख करून द्यायला नको. हॅरी फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरांचा वारसा मॅसी फर्ग्युसन या नावाने इथल्या शिवारातही फिरला आहे. बिलुंडपुरतं या ट्रॅक्टरने सिद्ध केलं ते एवढंच: मुलांना तयार, खऱ्यासारखी दिसणारी गाडी हवी असते. विटांचा खप मात्र यथातथाच होता.

१९५४ मध्ये गोटफ्रेड इंग्लंडला जात असताना बोटीवर त्याची गाठ कोपनहेगनच्या एका मोठ्या दुकानातल्या खेळणीविभागाच्या प्रमुखाशी पडली. या धंद्यात कशाचा कशाला मेळ नाही, अशी त्या गृहस्थाची तक्रार होती. ती गोटफ्रेडच्या डोक्यात बसली. आपल्या दोनशेच्या आसपास खेळण्यांतून त्याने मेळ घालता येईल असं एकच निवडलं, ती वीट. १९५५ मध्ये ‘सिस्टिम’ या नावाखाली २८ संच आणि आठ वाहनं बाजारात आली. मध्यभागी होता शहराचा आराखडा: रस्ते, चौक आणि पादचाऱ्यांचे पट्टे छापलेला पट. घरं मुलांनी विटांची बांधायची. वाहतुकीचे नियम शिकवण्याचाही त्यात हेतू होता.

आणि ती आठ वाहनं? ती विटांची नव्हती. घर बांधायला द्यायचं, गाडी मात्र तयार, असा हा अर्धामुर्धा करार होता. पुढच्या काही वर्षांत या छोट्या गाड्यांचा ताफा वाढला. माप १:८७, म्हणजे खेळण्यातल्या रेल्वेचं प्रचलित माप. फोक्सवॅगनच्या गाड्या, मर्सिडीज आणि बेडफर्डचे ट्रक, एसो या तेलकंपनीचं नाव मिरवणारी वाहनं. आज संग्राहक यांच्यासाठी घसघशीत पैसे मोजतात. मराठी वाचकाला यातली निम्मी नावं रस्त्यावरची आहेत. टाटांनी डाइमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले आणि टाटा-मर्सिडीज घाटांतून धावू लागले. बेडफर्डचे ट्रक हिंदुस्थान मोटर्सनेही परवान्यावर काढले. युरोपातलं पोर ज्या कंपन्यांचे ट्रक गालिच्यावर फिरवत होतं, त्यांचीच नावं इथला क्लीनर सकाळी फडक्याने पुसत होता.

तयार ट्रक देण्यामागे एक साधं यांत्रिक कारण असावं. १९४९ची वीट आतून पोकळ होती. वरचे गोल उंचवटे वरच्या विटेच्या भिंतींना आतून टेकायचे, एवढाच काय तो आधार. भिंत उभी राहायची, पण जराशी आडवी केली तर विटा ओघळायच्या. घराला हे चालतं, घर कुठे जात नाही. ट्रकचं तसं नाही. त्याला ढकलतात, भिंतीवर आपटतात, जिन्यावरून सोडतात, आणि केबिन धरून उचलतात. खिळखिळ्या विटांचा ट्रक पहिल्या उंबऱ्यावरच कोसळला असता.

त्यावरचा उपाय २८ जानेवारी १९५८ रोजी कोपनहेगनमध्ये पेटंटसाठी दाखल झाला, दुपारी १ वाजून ५८ मिनिटांनी. वेळेची ही नोंद कंपनीने कवटाळून ठेवली आहे. विटेच्या पोटात नळ्या आल्या. दोन बाय चार उंचवट्यांच्या विटेखाली तीन नळ्या; खालच्या विटेचा उंचवटा नळी आणि भिंत यांच्यामध्ये चपखल रुततो, मुलाच्या बोटांनी सुटतो पण आपोआप सुटत नाही. ओले किर्क क्रिस्टियानसेन त्याच वर्षी मार्चमध्ये वारला. मुलाच्या हाती तो घट्ट धरणारी वीट आणि लाकडी खेळण्यांचा एक चालू कारखाना ठेवून गेला.

लाकडाचा निकाल आगीने लावला. फेब्रुवारी १९६० मध्ये लाकडी खेळण्यांचं गोदाम जळालं आणि गोटफ्रेडने तो विभागच बंद करायचं ठरवलं. भावांना ते पटलं नाही. कार्ल गेओर्ग आणि गेऱ्हार्ट कंपनीतून बाहेर पडले. गेऱ्हार्ट जाताना स्वतःची एक कल्पना घेऊन गेला, बिलोफिक्स: भोकं पाडलेल्या लाकडी पट्ट्या, प्लास्टिकचे बोल्ट आणि चाकं. लाकूड सोडायचं नाही, पण गाडी मुलालाच जोडू द्यायची. ज्या गोष्टीकडे धाकटा भाऊ लाकडातून निघाला होता तिथेच थोरला प्लास्टिकमधून पोचणार होता. घरच्या भांडणांत असं बऱ्याचदा होतं.

१९६२ मध्ये लेगोचं चाक आलं. संच क्रमांक ४००: छोटी-मोठी चाकं, रबरी टायर, आणि चाक बसवायला भोकांच्या विटा. चाकाच्या मध्यभागी धातूची बारीक पिन असे, ती विटेच्या भोकात दाबायची. पिन आत टच्च बसली की चाक मोकळं फिरायचं. दिसायला क्षुल्लक असलेल्या या भागाने विटेचा स्वभाव बदलला. तोवर वीट म्हणजे स्थावर मालमत्ता होती. चाक लागताच तिच्यापासून ट्रक, ट्रेलर, क्रेन काहीही होऊ लागलं. पुढच्याच वर्षी प्लास्टिकही बदललं. सेल्युलोज ॲसिटेट काळाबरोबर वाकायचं, त्याच्या जागी १९६३ पासून एबीएस आलं, टणक आणि मापाला पक्कं. १९६४ पासून संचांत जोडणीची चित्रपुस्तिका यायला लागली. तयार बेडफर्ड आणि मर्सिडीज त्यानंतरही काही वर्षं दुकानांत होते. नव्या उपायावर विश्वास बसेतो कुठलाही धोरणी दुकानदार जुना माल ठेवतोच.

सत्तरच्या दशकातले विटांचे ट्रक ओबडधोबड होते. केबिन म्हणजे चार विटा आणि एक खिडकी, हौदा म्हणजे पट्टी. पण एक मजा होती. या ट्रकला नेमकी जात नव्हती. सकाळी डंपर, दुपारी बंब, संध्याकाळी मोडून रणगाडा. कंपनी तेव्हा रणगाडा विकत नव्हती, पण मुलांना अडवणार कोण?

ट्रकला ड्रायव्हर मिळाला १९७८ मध्ये. येन्स नीगार्ड क्नुडसेन या आरेखकाने घडवलेला हलत्या हातापायांचा छोटा माणूस त्या वर्षी आला, आणि त्याच्या मापाने सगळं शहर पुन्हा बेतलं गेलं. ट्रकची रुंदी ठरली चार उंचवटे. एका उंचवट्याचं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे ट्रक सुमारे ३२ मिलिमीटर रुंद. खांदे पसरलेली दोन माणसं त्यात शेजारी-शेजारी मावत नाहीत. त्यामुळे लेगोच्या शहरात कित्येक वर्षं ड्रायव्हर एकटाच गाडी हाकत राहिला, क्लीनरला जागाच नव्हती. आपल्याकडच्या पोरांना हे नक्कीच खटकलं असतं. पुढे नव्या शहरी गाड्या सहा उंचवट्यांवर गेल्या, रस्त्याचे पट्टे अपुरे पडू लागले, आणि जुन्या चाहत्यांत रुंदीवरून वाद झडले. ते अजून मिटलेले नाहीत.

ऐंशीच्या दशकातल्या शहरी ट्रकांकडे पाहिलं तर त्या काळच्या युरोपची मालवाहतूक दिसते. ट्रॅक्टर-ट्रेलर, रस्ता दुरुस्त करणाऱ्यांची गाडी, शेलचा टँकर. मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीचा फिक्या निळ्या रंगाचा कंटेनर ट्रकही होता. तो निळा रंग इतर संचांत जवळजवळ नव्हताच, म्हणून त्याचे सुटे भाग आज महाग. शेलचं नाव मात्र पुढे अडचणीचं ठरलं. ग्रीनपीसने आर्क्टिकमधल्या तेलउत्खननावरून मोहीम चालवली, आणि २०१४ मध्ये शेलबरोबरचा करार पुढे न वाढवण्याचं लेगोने जाहीर केलं. मुलांच्या कपाटातल्या टँकरवर तो पिवळा शिंपला अजून चिकटलेला आहे.

ट्रकच्या पोटात काय असतं, हे दाखवायची जबाबदारी दुसऱ्या मालिकेने घेतली. १९७७च्या तांत्रिक संचांत दातेरी चाकं, भोकांच्या दांड्या आणि आस होते. त्यातल्या पहिल्या काही संचांत फोर्कलिफ्ट ट्रक होता, काटे खरोखर वर-खाली होणारा. हीच मालिका पुढे टेक्निक झाली. १९८६ मध्ये ‘मॉडेल टीम’ नावाची तिसरी वाट निघाली. हे ट्रक मोठे, दिसायला खऱ्यासारखे, आणि आत ड्रायव्हर बसवायचा नाही. पहिल्या वर्षीच्या ‘हायवे रिग’ने अमेरिकन लांब नाकाचा ट्रक युरोपातल्या मुलांच्या टेबलावर आणला. याच मालिकेतला १९९६चा ‘जायंट ट्रक’ चाहत्यांमध्ये ‘ब्लॅक कॅट’ म्हणून ओळखला जातो. सतराशेच्या पुढे तुकडे, सगळीकडे काळा रंग, आणि बॉनेट उचललं की इंजिन. एका ट्रकसाठी इतके तुकडे त्या काळी फार होते. किंमतही तशीच. हा संच कित्येकांनी फक्त कॅटलॉगमध्ये पाहिला.

भारतात तर सगळा लेगोच बहुतेकांनी कॅटलॉगमध्ये पाहिला. ऐंशीच्या दशकातल्या मराठी मध्यमवर्गीय घरात तो आलाच तर आखातातून नाहीतर अमेरिकेतून परतणाऱ्या मामा-काकांच्या बॅगेतून. एरवी राज्य होतं ‘मेकॅनिक्स’चं, मुंबईच्या झेफिर कंपनीच्या लोखंडी पट्ट्या आणि नट-बोल्टचं. त्याचं मूळ लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या मेकॅनोपर्यंत जातं. मेकॅनिक्सचा ट्रक सांगाडाच असायचा. पत्र्याच्या पट्ट्यांमधून आरपार दिसायचं, पान्याने नट आवळताना बोटं सोलायची, आणि एक नट हमखास कपाटाखाली जायचा. पण तो ट्रक आपटला तरी मोडायचा नाही, हे कोणत्याही प्लास्टिकवाल्याला सांगता येणार नाही. आता लेगो भारतात मिळतो, फक्त किमतीला लगाम नाही. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर, आणि जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक चिन्हही सक्तीचं आहे.

ज्यांच्याकडे जुना ट्रक होता, ते तो पुन्हा बाहेर काढतात साधारण चाळिशीत. लहानपण आणि हे पुनरागमन यांच्यामधल्या काळाला चाहते ‘डार्क एजेस’ म्हणतात, म्हणजे कपाटात डबा आहे पण कुणी उघडत नाही ती वर्षं. डबा उघडला की बहुतेकांच्या वाट्याला ठरावीक गोष्टी येतात. विटा जवळजवळ सगळ्या असतात. जातं ते नेमकं ट्रकचं ट्रकपण: टायर, पुढची काच, दिव्यांचे पारदर्शक तुकडे, ड्रायव्हरची टोपी. स्टिकर कडांनी उचललेले असतात, आणि पांढरा हौदा पिवळा पडलेला असतो.

या पिवळेपणावर घरगुती उपायांचं एक शास्त्रच तयार झालं आहे. एबीएस प्लास्टिक उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि वयानेही पिवळं होतं. २००८च्या आसपास जुन्या संगणकांच्या शौकिनांनी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि प्रकाश वापरून प्लास्टिक पुन्हा पांढरं करण्याची रीत लोकप्रिय केली. ट्रकवाल्यांनी ती उचलली. विटा द्रावणात बुडवून उन्हात ठेवायच्या. परिणाम नजरेत भरतो, पण काही काळाने पिवळेपणा परतू शकतो. धुण्यासाठी कंपनीचा सल्ला साधा आहे: कोमट पाणी, ४० अंशांपेक्षा गरम नाही, आणि सौम्य साबण. वॉशिंग मशीनमध्ये टाकणारे महाभाग नंतर रुसलेल्या विटा वेचत बसतात.

करड्या रंगाची कथा वेगळीच आहे. ट्रकची चौकट बहुतेक वेळा करडी. २००४च्या सुमारास लेगोने दोन्ही करड्या छटा बदलून त्यांत निळसर झाक आणली. मोठ्या चाहत्यांनी एवढा आरडाओरडा केला की बाहेरच्याला वाटावं, कुणी नदीचं नाव बदललं. पण त्यांचंही खरं होतं. जुन्या ट्रकला आज नवा करडा तुकडा लावला तर तो चटकन ओळखू येतो, घट्ट बसतो तरीही. १९५८च्या मापाची वीट आजच्या विटेत बसते हे कंपनीचं वचन पाळलं गेलं. वचन मापाचं होतं, रंगाचं कुणी दिलंच नव्हतं.

जुना ट्रक दुरुस्त झाला तरी तो लगेच नातवाच्या हाती देण्याआधी थोडं थांबलेलं बरं. प्लिमथ विद्यापीठाचे अँड्र्यू टर्नर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वापरलेल्या प्लास्टिक खेळण्यांत कॅडमियम, शिसं यांसारखी घातक द्रव्यं मोजली. त्यांत सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही लाल-पिवळ्या लेगो विटाही होत्या. त्या काळच्या रंगद्रव्यांचा हा वारसा. फळीवर ठेवायला हरकत नाही, तोंडात घालणाऱ्या वयाच्या मुलाला मात्र नवा ट्रक द्यावा.

सुट्या भागांसाठी लोक जातात ते ब्रिकलिंक या ऑनलाइन बाजारात. २००० मध्ये एका शौकिनाने तो सुरू केला आणि २०१९ मध्ये लेगोनेच तो विकत घेतला. एक टायर, एक काच, एका विशिष्ट सालची निळी वीट, सगळं तिथे मोजून मिळतं. त्याच बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गुंतवणूकदार उभे आहेत. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या दोन संशोधकांनी १९८७ ते २०१५ या काळातल्या संचांचे भाव तपासून न उघडलेल्या संचांवर वर्षाला सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास परतावा मिळाल्याचं मांडलं. अर्थात खोका फोडायचा नाही या अटीवर. ज्या ट्रकचं चाक एकदाही फरशीला टेकलं नाही, त्याचा भाव सगळ्यांत जास्त. क्रिस्टियानसेन सुताराला हा हिशोब समजावून सांगणं अवघड गेलं असतं.

कंपनीही आता मोठ्या माणसांकडे डोळा ठेवूनच ट्रक काढते, आणि गंमत म्हणजे पुन्हा खऱ्या कंपन्यांच्या नावाने. २०११ मध्ये मर्सिडीजचा युनिमॉग आला, २,०४८ तुकड्यांचा, युनिमॉगच्या साठीनिमित्त. २०१५ मध्ये त्याच कंपनीचा आरोक्स, २०१८ मध्ये अमेरिकन मॅकचा अँथम. १९५०च्या दशकात मर्सिडीजचा ट्रक तयार मिळायचा आणि पोर पाच सेकंदांत तो रस्त्यावर सोडायचं. आता त्याच नावाचा ट्रक बाप दोन-तीन रात्री जागून जोडतो आणि मुलाला हात लावू देत नाही. तयार की सुटे, हा जुना पेच सुट्या भागांच्या बाजूने सुटला खरा, पण खेळायचं कुणी, हा प्रश्न त्यातून नव्याने निघाला.

चाकांचा धंदा मात्र फोफावला. नगांच्या हिशोबाने लेगो जगातली सगळ्यांत मोठी टायर बनवणारी कंपनी ठरली; गिनेसच्या नोंदीनुसार २०११ या एका वर्षात ३० कोटींहून जास्त टायर. एमआरएफ किंवा मिशलँ यांना या शर्यतीत रस नसणार, पण आकडा आकडाच आहे. आणि हे रबर आता पर्यावरणाच्या हिशोबात आलं आहे. बाटल्यांच्या पुनर्वापरातून विटा करण्याचा मोठा गाजलेला प्रयोग कंपनीने २०२३ मध्ये सोडून दिला, कारण नवी यंत्रसामग्री उभारताना होणारं कार्बन उत्सर्जन बचतीवर पाणी फिरवणार होतं. टायरांत मात्र वाट सापडली. २०२५ मध्ये कंपनीने काही टायरांच्या मालात मासेमारीची टाकाऊ जाळी, दोर आणि वापरलेलं इंजिन ऑइल यांपासून पुन्हा मिळवलेला भाग मिसळायला सुरुवात केली.